सोंग आणि दप्तर

चिंतामणराव कोल्हटकर यांच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्रास १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बळवंत संगीत मंडळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या या नटाने आपल्या आयुष्याच्या कहाणीस जे नाव दिले, ते गावोगाव सोंगे घेऊन फिरणाऱ्या एका फिरस्त्याचे नाव होते. पुढच्याच वर्षाचा, म्हणजे १९५९ सालचा, तत्कालीन मुंबई राज्याचा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. भीक म्हणजे काय, हे सांगताना त्या कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, एखादी वस्तू विकावयास पुढे करणे ही सारी 'मिषे' म्हणून गणली आणि अशा मिषाने सार्वजनिक जागी जो दान मागेल किंवा घेईल, त्यास भिकारी ठरवले. एका वर्षी ज्या नावाचा ग्रंथरूपाने सन्मान झाला, त्याच नावाचा माणूस दुसऱ्या वर्षीच्या कायद्याने गुन्हेगार ठरण्याजोगा झाला. हा योगायोग असेल. परंतु या योगायोगात एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा हेतू आहे.

प्रश्न असा, की दप्तरास सोंग का कळत नाही? आणि हा प्रश्न वाङ्मयीन कसा, अशी शंका वाचकांच्या मनात आली असेल, तर तिचे निरसन प्रथम केले पाहिजे.

पांढुर्णा आणि सौसर हा आमचा टापू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला, २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. पण घरातली भाषा मराठीची मराठीच राहिली. आमच्या बालपणी कापसाची वेचणी उरकली, की या भागात बहुरूपी येत. एखाद्या गावी ते चार-आठ दिवस मुक्काम करीत आणि रोज एक नवे सोंग घेऊन गावातून फिरत. आज शंकर, उद्या मारवाडी सावकार, परवा वैद्य, तेरवा पोलिसातला जमादार. या शेवटच्या सोंगाची मुलांना फार ओढ असे. खाकी कपड्याचा रंग जरा चुकलेला, छातीवर पत्र्याचा कापून काढलेला बिल्ला, मिशा काजळाने रेखलेल्या, हातात वेताऐवजी एरंडाची काठी. हा जमादार ओसरीवर येऊन घरधन्यास दरडावून वॉरंट वाचून दाखवी. गुन्हा काय, तर सासुरवाडीस चार दिवस अधिक राहिल्याचा. दंड काय, तर बायकोस लुगडे. घरधनी हात जोडी, बायका पदराआड हसत, आणि घटकाभर पोलीस या शब्दाचे भय त्या ओसरीवरून नाहीसे होई. मुक्कामाच्या अखेरच्या दिवशी बहुरूपी आपल्या नेहमीच्या वेषात येई, सोंगे उतरवून ठेवलेला साधा माणूस म्हणून उभा राही, आणि बिदागी मागे.

या साऱ्या व्यवहाराकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले, म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बहुरूप्याचे सोंग फसवण्यासाठी नसते. ते ओळखले जाण्यासाठी असते. चुकलेला खाकी रंग हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची सही होय. पत्र्याचा बिल्ला पत्र्याचा दिसलाच पाहिजे. तो चांदीचा वाटला, तर कला संपली आणि लबाडी सुरू झाली. प्रेक्षकास क्षणभर चकवावे आणि लगेच त्याच्या हाती उलगड्याची किल्ली द्यावी, हेच या कलेचे मर्म. नाट्यगृहात रंगमंच, पडदा आणि तिकीट ही तीन कुंपणे 'हे खोटे आहे' असे प्रेक्षकास आधीच सांगून ठेवतात. बहुरूप्यापाशी ही कुंपणे नाहीत. त्याचा रंगमंच म्हणजे तुमचा उंबरा, आणि त्याचे तिकीट प्रयोगानंतर मिळते, तेही तुमच्या मर्जीप्रमाणे. म्हणून खोटेपणाची सारी खूण त्यास स्वतःच्या अंगावर वागवावी लागते. चार भिंतींतल्या नटापेक्षा त्याचे काम यामुळेच अधिक अवघड आहे, असे आमचे मत आहे.

मराठी भाषेत 'सोंग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दशावतारात सोंग येते, तेही सोंग; आणि आजारी नसताना आजारी पडणे, तेही सोंग. पहिल्यात दोन्ही बाजूंस ठाऊक असते. दुसऱ्यात एकाच बाजूस. भाषेने एकच शब्द ठेवला आणि अर्थ ओळखण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवले. दप्तराची अडचण नेमकी येथे आहे. दप्तरास माणूस खरा तरी ठाऊक असतो, तोतया तरी. उघडपणे खोटा असलेला प्रामाणिक माणूस ही तिसरी जात त्याच्या रकान्यांत बसत नाही. बहुरूप्यावर झालेला अन्याय हा केवळ निर्दयपणाचा नव्हे, तो चुकीच्या वाचनाचा अन्याय आहे. म्हणून त्यास आम्ही वाङ्मयीन प्रश्न म्हणतो.

हे वाचन मराठीस अपरिचित होते, असे मात्र नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी आपल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी अशी किती तरी सोंगे घेतली. दारोदार फिरून मागणाऱ्यांचे शब्द त्यांनी अध्यात्मासाठी उसने घेतले, ते त्या लोकांना हलके समजून नव्हे. मागणे आणि देणे यांच्यातली जवळीक त्यांस मोलाची वाटली म्हणून. परंतु याहूनही मौजेची गोष्ट अशी, की त्याच भारुडांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे, कौल आहे. म्हणजे नाथांनी वासुदेवाचा टोप जसा चढवला, तसा कचेरीचा वेषही चढवला. देवगिरीच्या किल्लेदाराचे, जनार्दनस्वामींचे, ते शिष्य. हिशेबातली एका पैची चूक रात्र जागून शोधल्याची त्यांची आख्यायिका प्रत्येक मराठी शाळेत सांगितली जाते. ज्याने दप्तर आतून पाहिले, त्यानेच दप्तराच्या भाषेचे सोंग घेऊन दाखवले. जमादाराचे वॉरंट वाचणारा बहुरूपी जे ओसरीवर करतो, ते या भारुडांच्या फार जवळचे आहे. सत्तेची भाषा उसनी घ्यायची, ती किंचित वाकवायची, आणि ऐकणाऱ्याच्या मनातले तिचे ओझे हलके करायचे, हा या दोन्हींचा एकच मार्ग होय.

आता दप्तराच्या बाजूचे वाचन पाहू. या बाबतीत मराठीतला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' (१९१५). आत्रे महसूल खात्यातले अधिकारी होते. खेड्याची रचना, वतने, कारू-नारू, बलुत्यांचे हक्क आणि कुणब्याची ओढाताण यांचे असे जिवंत वर्णन त्यापूर्वी मराठीत झाले नव्हते, आणि त्यांच्या गद्याचा रोखठोक गोडवा आजही टिकून आहे. त्यांनी फिरस्त्यांचाही सविस्तर विचार केला. पण तो करताना त्यांचा हात सदैव हिशेबाच्या वहीवर होता. खळ्यावर कोण कोण येतो, किती पसे धान्य नेतो, आणि शेवटी कुणब्याच्या पदरी काय उरते, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नव्हता. वर्षभर राबून ज्याच्या घरी चार पोती येतात, त्याच्या पोत्यात दहा हात शिरले, तर त्याची बाजू कोणी तरी मांडलीच पाहिजे, आणि आत्र्यांनी ती तळमळीने मांडली. परंतु या वहीत धान्य जाते ते नोंदले गेले. त्याच्या बदल्यात ओसरीवर जे येते, ते नोंदण्यास रकाना नव्हता. हसू कोणत्या मापाने मोजावे? बहुरूप्याने नेलेला पसा जमाखर्चात केवळ खर्चाच्या बाजूस पडला. याच लेखकाचा आधीचा ग्रंथ 'गुन्हेगार जाती' (१९११) आहे, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या काळचे अधिकारी फिरत्या माणसाकडे कोणत्या खिडकीतून पाहत, हे समजते.

ती खिडकी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उघडली होती. त्या कायद्याने गुन्हा कृत्यात न शोधता जन्मात शोधला, आणि ज्याचे घर एका जागी नाही त्याची नियतही एका जागी नसणार, असे गृहीत धरले. आमच्या मध्य प्रांतापुरते बोलायचे, तर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. गोंधळी, चित्रकथी, कोल्हाटी, वासुदेव यांच्याविषयी त्यात पुष्कळ माहिती आहे, आणि अभ्यासकांनी तिचे ऋण मानलेच पाहिजे. पण तिथेही चित्रकथी ही एक जात आहे. चित्रे दाखवून कथा सांगणे ही एक कला आहे, हे जातीच्या सावलीत झाकून गेले. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. खिडकी मात्र सगळी बंद झाली नाही. १९५९ चा मुंबईचा कायदा आणि १९७३ चा मध्य प्रदेशाचा भिक्षावृत्ति निवारण अधिनियम हे तिच्यातूनच पाहणारे कायदे होत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, तेथे लागू असलेल्या मुंबईच्या कायद्यातील भीक मागणे हाच गुन्हा ठरवणारी कलमे घटनाविरोधी म्हणून रद्द केली. तो निर्णय दिल्लीपुरता होता.

'मिष' हा शब्द वाचकांनी येथे पुन्हा पाहावा. गाणे हे मिष, नाचणे हे मिष. खरे कृत्य मागण्याचे. कायद्याच्या लेखी कलेचा पडदा बाजूस केला, की मागे भीक उभी. बहुरूप्याच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तेथे मागणे हा प्रयोगाचा शेवटचा प्रवेश आहे. ते काढून घेतले, तर उरते ती कला, आणि तिला उपाशी ठेवणारे आपण.

कोणी म्हणेल, अधिकाऱ्यांस साहित्याचे वाचन येत नाही, यात नवल काय? आम्हांस हे म्हणणे पटत नाही. खाडिलकरांचा 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आला, आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. विराटाच्या दरबारातला कीचक म्हणजे कोण, हे त्या परक्या सरकारास अचूक कळले होते. पौराणिक वेषाआडचा अर्थ वाचणारे दप्तर, काजळाच्या मिशांआडचा माणूस वाचू शकत नाही, असे कसे म्हणावे? जेथे सत्तेस धोका दिसला, तेथे दप्तर रसिकाहून अधिक सूक्ष्म वाचक झाले. जेथे केवळ एका गरिबाची भाकरी होती, तेथे त्यास वाचण्याचे कारण वाटले नाही. ही असमर्थता नव्हे, ही निवड आहे.

आमच्या अनुभवातला एक प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते, आणि त्या दिवसांत साऱ्या परिसरात कडक बंदोबस्त असतो. अशाच एका वर्षी, आसपासच्या एका बाजारगावी, जमादाराच्या सोंगातल्या एका बहुरूप्यास बंदोबस्तावरच्या मंडळींनी नेऊन बसवले. त्याचा मुलगा आमच्या शाळेत होता, म्हणून ओळख पटवण्यास आम्हांस बोलावणे आले. अधिकारी तरुण आणि सभ्य होता. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला. त्याने विचारले, "हा खरा बहुरूपी आहे, हे कशावरून?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. खोट्या पोलिसाचा खरेपणा कोणत्या कागदावर दाखवायचा? बहुरूपी मात्र खाली बसल्या बसल्या म्हणाला, "गुरुजी, मी नकली हाओ, हे गावातल्या लेकरायले मालूम हाये. सायबाले कोन सांगन?"

शेवटी आमच्या लेखी हमीवर त्यास सोडले. ती हमी हिंदीत लिहावी लागली, आणि व्यवसायाच्या जागी आम्ही 'बहुरूपिया' असा शब्द घातला. लिहिताना हात अडखळला. हिंदीत या शब्दाने कलावंत जसा कळतो, तसा भोंदू, तोतयाही कळतो; आणि ठाण्याच्या कागदावर त्याचा कोणता अर्थ वाचला जाईल, हे सांगायला नको. सीमेवर राहणाऱ्या माणसास हा अनुभव नवा नाही; शब्द तोच राहतो, सरहद्द ओलांडताना त्याची अब्रू मागे राहते.

अधिकाऱ्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. पोलिसी गणवेष घालून लोकांना लुबाडणारे भामटे खरोखरच आहेत, आणि त्यांस आवर घालणे त्याचे कर्तव्य आहे. पण कायद्याने त्यास आंधळे केलेले नाही. लोकसेवकाचा वेष घेण्याविषयीचे जुन्या दंडसंहितेतील १७१ वे कलम, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेतील २०५ वे कलम, दोन्ही इरादा विचारतात : लोकांनी आपल्यास खरोखरीचा लोकसेवक मानावे असा हेतू होता काय, किंवा ते तसे मानतील याची जाणीव होती काय? म्हणजे कायद्याचा प्रश्न आणि समीक्षेचा प्रश्न येथे एकच होतो. हे सोंग ओळखले जावे म्हणून घेतले आहे, की ओळखले जाऊ नये म्हणून? भामट्याचा बिल्ला चांदीचा असतो. बहुरूप्याचा पत्र्याचा असतो. बघणाऱ्याने बिल्ल्याकडे नीट बघितले पाहिजे, एवढेच.

आणि न बघण्याची किंमत किती मोठी असते, हेही आता सर्वांस कळले आहे. २०१२ साली नागपुरात नाथजोगी समाजातील बहुरूपी जमावाच्या मारहाणीत बळी पडले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. हे अपराध जमावाचे, अधिकाऱ्यांचे नव्हेत, हे मान्य. परंतु अनोळखी फिरता माणूस म्हणजे संशयित, ही शिकवण शंभर-दीडशे वर्षे कोणी दिली? दप्तरातली नजर हळूहळू ओसरीवर येऊन बसली, आणि जी ओसरी पूर्वी सोंग पाहून हसत असे, ती आता दार लावून घेते.

यात आम्ही स्वतःस वेगळे काढू शकत नाही. मुख्याध्यापक हाही एक लहानसा अधिकारीच असतो, आणि दाखल-खारिज रजिस्टर हे त्याचे दप्तर. वर उल्लेखिलेला मुलगा शाळेत आला, तेव्हा वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात आम्ही आमच्याच हाताने 'भिक्षावृत्ति' असे लिहिले होते. लिहिताना काही चुकते आहे, असे मनातही आले नाही. ज्या माणसाचे वॉरंट ऐकून आम्ही लहानपणी पोट धरून हसलो, त्याच्या नातवाच्या नावापुढे आम्ही एका शब्दात सारा हिशेब मिटवला. ठाण्यातून परतल्यावर आम्ही ते पान काढले. मूळ नोंद खोडण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात 'पिता लोककलावंत, बहुरूपी' असे लिहून खाली सही केली. पुढच्या तपासणीत त्या शेऱ्यावर तांबड्या शाईचे प्रश्नचिन्ह पडले. ते अद्याप तेथेच आहे.

ही नोंद क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात भटक्या जमातीचा दाखला मागणाऱ्यास २१ नोव्हेंबर १९६१ च्या सुमारास आपले कुटुंब त्या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. ज्याचा आजा एका गावी आठ दिवसांपेक्षा अधिक राहिला नाही, त्याने कोणत्या गावचा पुरावा आणावा? त्याच्यापाशी असलाच, तर शाळेचा एखादा जुना कागद असतो, आणि त्यावर आमच्यासारख्या कोणी मास्तराने घाईत लिहिलेला एक शब्द. त्या एका शब्दावर पुढच्या पिढीचे शिक्षण आणि नोकरी लोंबकळत राहते. दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' (१९८३) ज्यांनी वाचले आहे, त्यांना पिंगळा जोशी समाजातल्या एका मुलास शाळेच्या दारापर्यंत पोचण्यास किती वाट तुडवावी लागली, हे सांगण्याची गरज नाही. त्या पुस्तकाचे मोल आमच्या मते केवळ करुणेत नाही. ज्याची इतकी वर्षे इतरांनी नोंद केली, त्याने येथे स्वतःची नोंद स्वतः केली, यात आहे.

आमच्या भागात बहुरूपी आता क्वचित दिसतो. जे थोडे येतात, ते जमादाराचे सोंग टाळतात; शंकर, हनुमान अशी देवांची सोंगे घेतात, कारण देवाच्या वेषावर कोणी पुरावा मागत नाही. यात त्यांची सोय आहे, आणि कलेची हानी. सत्तेचे सोंग घेण्याचे सोडून दिलेला बहुरूपी हा अर्धा बहुरूपी होय.

तरी एक गोष्ट साहित्यसंस्थांच्या हाती आहे, आणि ती सुचवून हा लेख पुरा करतो. दप्तरास ग्रंथाचा धाक असतो; जे छापील आहे, ते त्यास खरे वाटते. बहुरूप्यांची वॉरंटे, त्यांची यमकांची दरडावणी, वैद्याच्या सोंगातली औषधांची यादी हे मौखिक वाङ्मय सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावे, पांढुर्णा-सौसरच्या बोलीतले पाठ वऱ्हाडातल्या पाठांशी ताडून पाहावेत, आणि भारुडाच्या शेजारी त्यास जागा द्यावी. हे काम फार खर्चाचे नाही, पण ते लवकर झाले पाहिजे, कारण सांगणारे म्हातारे झाले आहेत. असा ग्रंथ निघाला, तर पुढे एखाद्या ठाण्यात कोणी "हा खरा बहुरूपी कशावरून?" असे विचारले, तेव्हा मुख्याध्यापकाच्या हमीऐवजी त्यातले एक पान पुढे करता येईल, आणि आमच्या रजिस्टरातल्या त्या प्रश्नचिन्हासही काही उत्तर मिळेल.